साठीचं सरप्राइज आणि सात कोर्सचं फ्रेंच जेवण

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: आम्ही दोघं तीन वर्षांपासून फ्रान्समध्ये लिऑनला राहतो, पण फ्रेंच कामापुरतंच येतं. सप्टेंबरमध्ये आईबाबा सांगलीहून पहिल्यांदाच येतायत. शुक्रवारी उतरतील आणि लगेच सोमवारी आईची साठी आहे. नवऱ्याच्या मनात आहे की आईला काही न सांगता थेट मिशेलिन तारा (मिशेलिन गाइडनं दिलेली उत्तम जेवणाची पावती) असलेल्या रेस्टॉरंटमध्ये रात्री जेवायला न्यायचं. सात कोर्स, माणशी १४० युरो. आई शाकाहारी आहे. केकमधलं अंडं चालतं, ऑम्लेट नाही. बाबा मासे-मटण खातात, पण बीफ आणि पोर्क नाही. त्यांना मधुमेह आहे. दारूला दोघंही शिवत नाहीत. मला वाटतं, आईच्या ताटात नुसतं सॅलड येईल, ती बिलाचे रुपये करत बसेल आणि काटे-सुऱ्या बघून बाबा गप्प होतील. नवरा म्हणतो, साठी काय पुन्हा पुन्हा येते? मी म्हणते, घरी पुरणपोळी करू. काय करावं?

---

तुमच्या पत्रात पुरणपोळी एका बाजूला आणि फ्रेंच रेस्टॉरंट दुसऱ्या बाजूला असं भांडण लागलंय, ते लावायचं कारण नाही. सोमवारी पुरणपोळीच करा. त्या दिवशी दुसरं काही होणारही नाही, कारण फ्रान्समधली बरीचशी चांगली, मालक-शेफनं चालवलेली रेस्टॉरंटं रविवार-सोमवार सलग बंद असतात. तारांकित तर बहुतेक. यजमानांनी मनात धरलेलं ठिकाण सोमवारी उघडं आहे का, हे त्यांनी पाहिलंय का? नसेल पाहिलं, तर निम्मा वाद तिथेच मिटला. सकाळी औक्षण, दुपारी पुरण, आणि रेस्टॉरंट त्याच आठवड्यात बुधवारी किंवा गुरुवारी. (दिवस ठरवण्याआधी कालनिर्णय एकदा उघडा. सप्टेंबर आहे. संकष्टी, एकादशी आणि पितृपक्ष यांतलं आई काय पाळतात ते तुम्हाला ठाऊक असेल.)

आता माझं मत आधीच सांगून टाकते. जागेच्या बाबतीत तुमचे यजमान बरोबर आहेत. रात्र, सात कोर्स आणि गुपित या तीन गोष्टींत ते चुकतायत, आणि त्यातली सगळ्यात मोठी चूक गुपिताची.

रात्रीचं आधी बघू. सप्टेंबरात लिऑनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तिथे रेस्टॉरंट संध्याकाळी साडेसातच्या आत क्वचितच दार उघडतात. साडेसात म्हणजे नुकत्याच उतरलेल्या आईबाबांच्या शरीराला रात्रीचे अकरा. सात कोर्सना आरामात तीन तास लागतात, म्हणजे गोडाची बशी येईपर्यंत सांगलीत रात्रीचे दोन वाजलेले असणार. त्या वेळी जगातला सर्वोत्तम स्वयंपाकी आला तरी आईंना फक्त उशी दिसेल. गुरुवारपर्यंत झोप थोडी सावरेल हे खरं, पण तरीही दुपारच निवडा, आणि तीही फक्त झोपेसाठी नाही. फ्रान्समधली बरीच तारांकित रेस्टॉरंटं आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी तीन-चार कोर्सचा छोटा ठरावीक बेत ठेवतात. स्वयंपाकघर तेच, शेफ तोच, पण किंमत रात्रीच्या निम्मी किंवा त्याहून कमी. लिऑनमध्ये माणशी ४५ ते ६० युरोत हे जमू शकतं. चौघांचे रात्री ५६० होणार होते, तिथे दुपारी १८० ते २४०. शनिवारी हा बेत बहुधा नसतो, म्हणून बुधवार-गुरुवार म्हटलं. दोन तासांत उठता येतं आणि नंतर सोन नदीच्या काठानं चालता येतं.

तीन कोर्स म्हणजे कमी, असं यजमानांना वाटू देऊ नका. सुरुवातीला न मागता एक-दोन घासांचं काहीतरी येतं, शेवटी कॉफीबरोबर छोटे गोड तुकडे येतात. मोजलं तर पाच-सहा बश्या होतातच.

एक शब्दाचा घोळ इथेच मिटवू, कारण बुकिंग करताना तो नडतो. आपण ज्याला मेन्यू म्हणतो त्याला तिथे ‘कार्त’ म्हणतात. ‘मन्यू’ म्हणजे ठरावीक किमतीचं ठरावीक जेवण, आपल्या थाळीसारखं. आणि सात कोर्सच्या मन्यूखाली बहुधा बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की तो संपूर्ण टेबलानं मिळून घ्यायचा. चौघांच्या बश्या एकाच क्षणी बाहेर पडाव्यात म्हणून हा नियम असतो. म्हणजे आईंना नको असला तरी सातही कोर्स बसून काढावे लागतील. दुपारचा बेत हा जाच बराच कमी करतो.

आता गुपित. सरप्राइज आईंना आवडेल की नाही यावर तुम्ही दोघं वाद घालताय, पण सरप्राइज सगळ्यात जास्त बाधतं ते रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघराला. फ्रेंच स्वयंपाकघर आदल्या दिवशी सुरू होतं. हाडांचा अर्क रात्रभर नाही तरी सात-आठ तास उकळतो, सॉसचे पाये सकाळी बनतात, भाज्या चिरून, वाफवून, मोजून डब्यांत जातात. साडेबाराला पाहुणे बसतात तेव्हा खरा स्वयंपाक संपलेला असतो. उरलेली असते ती शेवटची पाच मिनिटं. अशा वेळी वेटरनं आत जाऊन ‘एक शाकाहारी’ सांगितलं की स्वयंपाकी काय करणार? मटणाच्या बशीतली गाजरं उचलतो, माशाखालची बटाट्याची प्युरे घेतो, वर चार पानं ठेवतो. तुम्हाला ज्या सॅलडची भीती वाटतेय ते असं जन्माला येतं. त्यात फ्रेंचांना शाकाहार कळत नाही असं काही नाही. कळतो, फक्त दुपारी साडेबाराला नाही.

हेच चार दिवस आधी कळलं तर गोष्ट वेगळी. तारांकित ठिकाणी हाताखाली माणसं जास्त असतात, बाजार रोजचा असतो, आणि एका बशीसाठी वेगळा विचार करायची सवय असते. उलट लिऑनचं जे साधं, घरगुती, लाल-पांढऱ्या चौकटीच्या टेबलक्लॉथचं बुशों, म्हणजे तिथली खानावळ, असतं, तिथे ‘साधं आहे म्हणजे आईला सोपं जाईल’ असं वाटून जाल तर फसाल. तिथला बेत म्हणजे आतडी, डुकराचे पदार्थ, माशाची केनेल. ‘सालाद लियोनेझ’ नावाच्या सॅलडमध्ये डुकराच्या चरबीचे तुकडे आणि वर पोच केलेलं अंडं असतं. गंमत म्हणजे त्याच यादीत ‘विणकराचा मेंदू’ अशा अर्थाचं नाव असलेला एक पदार्थ आहे, सेर्व्हेल द कान्यू. तो मात्र चक्क्यासारख्या ताज्या चीजमध्ये कांद्याची पात, लसूण, तेल आणि व्हिनेगर घालून केलेला असतो. नाव ऐकून आई उठून जातील आणि चव बघून दुसऱ्यांदा मागतील.

तर कळवायचं. पण काय कळवायचं, यात खरी मेख आहे. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ पुरत नाही. ताटात मांसाचा तुकडा नसला की झालं, असं समजणारे बरेच भेटतात, आणि काहींच्या लेखी मासा चालतो. कांद्याचं प्रसिद्ध सूप बहुधा बीफच्या पाण्यावर केलेलं असतं. भाजीवरचा तपकिरी चकचकीत सॉस वासराच्या हाडांच्या अर्काचा असतो. मूस, बाव्हारुआ अशा गार गोडांना बऱ्याचदा जिलेटिननं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या पदार्थानं, उभं केलेलं असतं. म्हणून आहाराचं नुसतं नाव सांगू नका, जिन्नस सांगा. बुकिंगच्या वेळी लिहा आणि दोन दिवस आधी फोन करा (बुधवार ठरला तर शनिवारीच, कारण सोमवारी बंद). फोन सकाळी दहा ते साडेअकराच्या दरम्यान. दुपारी एकला केलात तर उचलणारा घाईत ‘वी, वी’ म्हणेल आणि विसरेल. फ्रेंच कामापुरतंच येतं म्हणालात, म्हणून वाक्यं इथे देते. वाचून दाखवली तरी चालतील:

‘बाँजूर. जे रेझेर्व्हे पूर कात्र पेर्सोन, जदी मिदी. से पूर लानिव्हेर्सेर द मा मेर. एल ए वेजेतारियेन. एल न मांज नी व्यांद, नी व्होलाय, नी प्वासों, नी फ्रुई द मेर, नी बुय्यों द व्यांद, नी लार्दों, नी जेलातीन. पा दाल्कोल नों प्ल्यू, मेम दां ले सोस ए ले देसेर.’

म्हणजे: गुरुवारी दुपारी चौघांचं बुकिंग आहे, आईचा वाढदिवस आहे, ती शाकाहारी आहे. मांस, कोंबडी, मासा, शिंपले-कोळंबी, मांसाचं पाणी, डुकराचे तुकडे, जिलेटिन यांतलं काहीच खात नाही, आणि दारूही नको, सॉसमध्ये किंवा गोडात घातलेलीसुद्धा. शेवटचं वाक्य गाळू नका. पांढऱ्या लोण्याचा जो सॉस भाज्यांवर घालतात त्याची सुरुवात पांढरी वाइन आटवूनच होते, आणि ‘बाबा’ नावाचा रममध्ये भिजवलेला केक किंवा क्रेप स्युझेत यांत तर दारू हाच मसाला.

‘आनिव्हेर्सेर’ म्हणजे वाढदिवस, बरं का. ऑनलाइन फॉर्मवर तो शब्द दिसला की आपल्याकडचे पुष्कळ जण लग्नाचा वाढदिवस समजून खूण करायचं टाळतात.

अंड्याबद्दल वेगळं बोला, कारण नेमकं तिथेच सद्हेतूनं गडबड होते. शाकाहारी पाहुणा आला की फ्रेंच शेफचा हात तीन गोष्टींकडे जातो: अंडं, बकरीच्या दुधाचं चीज, अळंबी. त्यातही ‘अफ पार्फे’ हा हल्लीचा लाडका पदार्थ आहे. अंडं सालासकट ६४ अंशांच्या आसपास तासभर ठेवतात. मग ते खोलगट बशीत, हिरव्या प्युरेवर, थरथरत येतं. पांढरा भाग जेमतेम धरलेला, चमचा लावला की पिवळं सगळीकडे धावतं. शेफच्या दृष्टीनं हा मान असतो. ऑम्लेट न खाणाऱ्या सांगलीच्या बाईंसमोर तो ठेवला गेला तर पुढचं सगळं जेवण त्या एका बशीवरून ओळखलं जाईल. म्हणून सांगा की भाजलेल्या केक-टार्टमधलं अंडं चालतं, पण दिसणारं अंडं नको. अगदी अंड्याशिवायच हवं असेल, आणि इतर वाचकांच्या घरी असे लोक असतीलच, तर गोडात निवड फार थोडी उरते. क्रेम ब्रुले, चॉकलेट मूस, सूफ्ले, ‘तरंगतं बेट’ नावाचं गोड, सगळी अंड्यावर उभी आहेत. साखरपाकात शिजवलेला पेअर किंवा फळांचं सॉर्बे मागा, आणि सॉर्बेत अंड्याचा पांढरा नाही ना, हे विचारा. लिऑनची गुलाबी प्रालीन टार्ट दिसायला फार सुंदर असते, पण तिचा रंग कुठे बिटाचा असतो, तर कुठे कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेला. हेही विचारायच्या यादीत टाका.

चीजचा निर्णय मात्र तुम्ही परस्पर घेऊ नका. फ्रान्समधली बहुतेक पारंपरिक चीजं, कोंते असो की रोकफोर, वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटनं दूध फाडून केलेली असतात. ताज्या, मऊ चीजमध्येही विरजणाबरोबर थोडं रेनेट पडतं, म्हणजे वरचा विणकराचा मेंदूही त्यातून सुटत नाही. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये ते नसतं, त्यामुळे आईंनी सांगलीत पिझ्झा खाल्ला असेल तरी त्यावरून इथला होकार काढता येत नाही. हे त्यांना येण्याआधी फोनवर सांगा आणि त्या म्हणतील तसं करा. काही जणी म्हणतात, एवढं कोण बघतं. काही जणी चीजला हात लावत नाहीत. पण खाऊन झाल्यावर तिसऱ्या दिवशी कुठूनतरी कळलं, तर ते मनातून जात नाही.

बाबांचं सोपं आहे असं तुम्ही गृहीत धरलंय. तिथेही दोन खाचा आहेत. एक म्हणजे बीफ नको असलं तरी ते सॉसमधून येतं. वर सांगितलेला वासराचा अर्क मटणाच्या आणि कधी कधी माशाच्या बशीतही असतो. ‘नी बफ, नी व्हो, नी पोर, नी फाँ द व्हो’ (बीफ, वासरू, डुक्कर, वासराचा अर्क नको) एवढं त्यांच्या नावानं वेगळं कळवा. दुसरं म्हणजे मटण. फ्रेंच पद्धतीनं कोकराच्या बरगड्या आत गुलाबी ठेवतात. आपल्या माणसाला ते कच्चं वाटतं, आणि ‘पूर्ण शिजवून आणा’ म्हटलं की तोच तुकडा सुका, चिवट होऊन येतो, कारण तो कमी शिजवायचाच तुकडा असतो. त्यापेक्षा आधीच विचारा की मंद आचेवर शिजवलेलं कोकरू मिळेल का. ‘सुरी दान्यो’, म्हणजे नळीचं मटण, किंवा ‘सात तासांचं कोकरू’. ते काट्यानं सुटतं, सुरी लागतच नाही. दुपारच्या छोट्या बेतात ते नसेल तर मासा घ्या, तोही काटे काढलेला फिले. गोड्या पाण्यातले मासे या भागात चांगले मिळतात. पापलेटची सर येते का, हा प्रश्न बाबांना टेबलावर विचारू देऊ नका.

मधुमेहाचं एवढंच की साडेबाराला बसलात तरी मुख्य पदार्थ समोर यायला सव्वा-दीड वाजतो. गोळी किंवा इन्सुलिन पहिला घास नक्की कधी पोटात जाणार याच्याशी जुळवायचं असेल, तर येण्याआधीच त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. पाव मात्र बसल्या बसल्या येतो आणि त्याचे पैसे नसतात.

आता आईंना सांगायचं कसं. ‘आई, फ्रेंच रेस्टॉरंटला जायचं का?’ असं विचारलंत तर उत्तर तुम्हाला पाठ आहे: माझ्यासाठी कशाला एवढा खर्च. त्यात पैसे जावयाचे, म्हणजे अवघडलेपण दुप्पट. म्हणून जायचं की नाही हे विचारू नका. बुधवार बरा की गुरुवार, चीज चालेल की नको, अळंबी आवडते का, असं विचारा. आपल्यासाठी कुणीतरी आठवडाभर आधीपासून जिन्नस विचारतंय, यादी करतंय, फोन करतंय, हे साठ वर्षं दुसऱ्यांच्या आवडीनिवडी लक्षात ठेवणाऱ्या बाईला कळू द्या. ते लपवून तुम्ही भेटीतला मोठा भाग लपवताय.

आणि त्यांना लिऑनच्या आयांची गोष्ट सांगा. या शहराचं जेवणातलं नाव ‘मेर’, म्हणजे आई, म्हणवल्या जाणाऱ्या बायकांनी मोठं केलं. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या या बायकांनी पुढे स्वतःच्या खानावळी काढल्या. त्यांतल्या युजेनी ब्राझिए यांनी १९२१ साली स्वतःचं रेस्टॉरंट उघडलं आणि १९३३ साली त्यांच्या दोन रेस्टॉरंटना मिळून मिशेलिनचे सहा तारे मिळाले. पुढे जगभर गाजलेले शेफ पोल बोक्यूज त्यांच्याच हाताखाली शिकले. यजमानांना ‘मिशेलिन तारा’ म्हणून जे कौतुक आहे ते आईंपर्यंत या वाटेनं पोचेल. आणि वाढदिवसाला असं जेवायला बसणं ही काही पर्यटकांची हौस नाही. युनेस्कोनं २०१० साली ‘फ्रेंचांचं सणाचं जेवण’ वारसा यादीत घेतलं, तेव्हा त्याच्या वर्णनात जन्म, लग्न, वाढदिवस हेच प्रसंग धरले होते.

पैशाबद्दल एक युक्ती आहे. काही वरच्या दर्जाच्या ठिकाणी बिल देणाऱ्याला किमतींसह आणि पाहुण्यांना किमतींशिवाय कार्त द्यायची जुनी पद्धत अजून आहे. बुकिंग करताना ‘कार्त सां प्री’ मागा. बिल टेबलावर येऊ नये म्हणून कॉफी आली की यजमानांनी उठून काउंटरवर जावं. तसंही मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत, आणलं तर ते हाकलल्यासारखं समजतात. पण आईंनी विचारलंच, तर खोटा आकडा सांगू नका. ‘रात्रीचं ठरवलं होतं, दुपारचं घेऊन निम्म्याहून जास्त वाचवले,’ हे वाक्य खरं आहे आणि कोणत्याही मराठी आईला ते आवडतं. युरो शंभर रुपये धरलात तर छप्पन हजारांचे अठरा ते चोवीस हजार झाले.

छोटे खर्च मात्र लक्ष ठेवण्यासारखे. बसताच ‘आपेरितिफ?’, म्हणजे जेवणाआधीचं पेय, विचारतील. ‘सां आल्कोल’ म्हणा, द्राक्षाचा किंवा सफरचंदाचा रस असतो. मग ‘प्लात उ गाझझ?’ म्हणजे साधं की बुडबुड्यांचं पाणी, असा प्रश्न येतो. दोन्ही उत्तरं विकतच्या बाटलीची आहेत. ‘उन काराफ दो, सिल व्हू प्ले’ म्हणा. नळाचं पाणी जेवणाबरोबर फुकट देणं तिथे बंधनकारक आहे. सेवा आणि कर किमतीत धरलेले असतात, त्यामुळे दहा टक्के टिपेचं ओझं नाही. आवडलं तर पाच-दहा युरो ठेवा.

काट्या-सुऱ्यांचं तुम्ही फार मनाला लावून घेतलंय. प्रत्येक बशीबरोबर बाहेरच्या बाजूचं उचलायचं आणि आत सरकायचं, बस. चमचा हवा असेल तर ‘क्युइयेर’ मागा, कुणी भुवया उंचावत नाही. पाव सुरीनं कापत नाहीत, हातानंच तोडतात आणि अनेक ठिकाणी सरळ टेबलक्लॉथवर ठेवतात. बाबांना हे आधी सांगा, तेवढ्यानंही माणूस सैल होतो. साडी नेसायला काहीच हरकत नाही, फक्त शाल असू द्या. चटणीची डबी घरी राहू द्या. अगदीच फिकं वाटलं तर ‘पिमां देस्पलेत’ मागा, ती बास्क भागातली लाल मिरचीची पूड. संकेश्वरीपुढे ती अगदीच सौम्य, पण मागितल्याचं समाधान मिळतं.

केक स्वतःचा न्यायचा असेल तर विचारल्याशिवाय नेऊ नका, बऱ्याच ठिकाणी चालत नाही. वाढदिवस आहे हे कळवलंत की गोडाच्या बशीवर एक मेणबत्ती बहुधा येतेच. सरप्राइजची हौस यजमानांना भागवायचीच असेल, तर ती कागदावर भागवा. दोन दिवस आधी फोन कराल तेव्हा आईंसाठी काय करणार आहात ते विचारून घ्या आणि एका जाड कार्डावर मराठीत लिहून त्यांच्या बशीवर ठेवायला द्या. समजा त्यांनी भोपळ्याचं सूप, अख्खा भाजलेला सेलरीचा कंद, ग्रातँ दोफिनुआ आणि पेअर असं सांगितलं. तर कार्डावर लिहा: ‘लाल भोपळ्याचं दाट सार. सुरणासारखा एक कंद, अख्खा भाजून, वर अक्रोड. सायीत भाजलेले बटाट्याचे पातळ काप, लसणाच्या वासाचे. पाकातला पेअर.’ पहिली बशी येईपर्यंत तो कागद दोनदा वाचून होईल आणि नंतर पर्समध्ये जाईल. ‘हे काय आहे गं?’ असं दर बशीला हळूच विचारावं लागणार नाही, आणि तुम्हाला वेटर व आई यांच्यामध्ये दुभाषी म्हणून बसावं लागणार नाही.

एखादं रेस्टॉरंट ‘आम्हाला जमणार नाही’ असं कळवेल. रागावू नका, तो प्रामाणिकपणा आहे. दुसरं बघा, ‘मन्यू व्हेजेताल’ (भाज्यांचा बेत) असा शब्द ज्यांच्या पानावर आधीपासून आहे असं. जे वाचक पॅरिसला जाणार आहेत आणि ज्यांचं बजेट खरोखर मोठं आहे, त्यांनी शेफ आलां पासार यांच्या आर्पेज रेस्टॉरंटचा विचार करावा. तीन तारे असताना त्यांनी २००१ साली बेतातून लाल मांस काढलं आणि भाज्यांना मुख्य जागा दिली. पण तिथे माणशी शेकडो युरो लागतात, दुपारीसुद्धा. आणि जे टूरबरोबर आहेत, ज्यांच्या हातात एकच मोकळी संध्याकाळ आहे, त्यांनी ‘सेर्व्हिस कोंतिन्यू’ (मध्ये बंद न होणारी सेवा) लिहिलेली ब्रासरी, म्हणजे साधं रेस्टॉरंट, शोधावी. तिथे सहा वाजताही जेवायला मिळतं. बकरीच्या चीजचं गरम सॅलड, बटाट्याचं ग्रातँ आणि एक टार्ट मागवून वाढदिवस करावा. तारा नाही मिळाला तरी आठला हॉटेलवर पोचता येतं.

तारांकित ठिकाणची जागा महिना-दीड महिना आधी भरते, दुपारची जरा उशिरा. बुकिंगला बहुधा कार्डाचा नंबर मागतात आणि आयत्या वेळी रद्द केलं तर पैसे कापतात, म्हणून आईंचं विमानाचं तिकीट नक्की झाल्यावरच तारीख धरा. आणि मेल रविवारी पाठवू नका. सोमवारी तिकडे कुणी नसतं. मंगळवारी सकाळी ती दोन दिवसांच्या ढिगाखाली असेल.